शांतामावशीचा मिक्सर

१२ मे, मंगळवार. मेडशी

आज यांच्या दुकानातून पहिल्यांदा एक वस्तू दुरुस्त न होता परत गेली.

शेजारच्या शांतामावशी जुना मिक्सर घेऊन आल्या होत्या. आमच्या लग्नाआधीपासून त्यांचे पंखे, कूलर, मिक्सर, सगळं हेच दुरुस्त करतात. यांनी मिक्सर उघडला, मोटरचे झिजलेले कार्बन बदलले आणि शेवटचा बारका स्क्रू बसवायला गेले. तो खाली पडला. मी उचलून दिला. पुन्हा पडला. हिवाळ्यापासून यांचा हात थरथरतो, पण गिऱ्हाइकासमोर कधी नाही. स्क्रू तिसऱ्यांदा पडला, तशा मावशी उठल्या.

"राहू द्या भाऊ, तुमाले कायले तरास? सून तशीबी नवाच घ्या म्हनून राह्यली."

मावशी चांगल्या मनानं बोलल्या. तेच जास्त लागलं. यांनी मिक्सर तसाच उघडा पिशवीत भरून दिला.

तो स्क्रू मीच काहून नाही बसवला? माझा हात तर चांगला आहे. त्यांचा मान जाईल म्हणून? तसाही गेलाच.

दुपारी जेवले नाहीत. संध्याकाळी एक बंद टेबलफॅन माझ्यापुढं ठेवला, पेचकस हातात दिला.

"धर. मी सांगतो तसं कर."

तासाभरानं पंखा फिरला. हे हसले. "जमते तुले," म्हणाले आणि मागच्या खोलीत गेले. थोड्या वेळानं हुंदका ऐकू आला. मी पंख्याचा वेग वाढवला, म्हणजे त्यांना वाटेल, मला काही ऐकू आलं नाही.