बोलावल्याशिवाय

मंगळवार संध्याकाळ, नोव्हाय, अमेरिका

रेवा भिंतीपाशी उभी असते, हे डोक्यातून जात नाही. तिच्या बाई म्हणाल्या, मधल्या सुट्टीत कुणी बोलावायची वाट बघत राहते. बोलावल्याशिवाय कुणात जाऊ नये, हे नातीला मीच शिकवलं ना?

आज बागेत म्हटलं, "जा, 'मी खेळू का?' असं विचार."

तर म्हणते, "आजी, यू गो फर्स्ट."

बाकावर एक बाई रोज विणत बसते. हे असते तर पहिल्याच दिवशी बोलले असते. हे गेल्यापासून मी नुसती बघतेय. आज उठून तिच्याजवळ गेले. इंग्रजीत विचारलं, "बसू का?" तिनं लोकर उचलून जागा केली.

रेवाला मात्र मुली 'नंतर' म्हणाल्या. पण तिनं विचारलं!

उद्याही आधी मी जायचं, असं ठरलंय. पण शाळेतल्या त्या भिंतीपाशी तिच्याआधी कोण जाणार?