डूलाने काय घालावं

५ ऑक्टोबर २०२५, रविवार
सर्टिफिकेट आलं. प्रिंट काढून फ्रेमसुद्धा करून झाली. आजपासून मी, किशोरी, अधिकृत बर्थ डूला. विचुंबेतल्या आमच्या कॉम्प्लेक्समध्ये पहिली. बहुतेक अख्ख्या पनवेलमध्ये. चौकशी केलेली नाही, पण वाटतं.

सत्यजीतने चहा पिताना विचारलं, डूला म्हणजे नक्की काय. नवरा असून हा प्रश्न पुन्हा! शांतपणे सांगितलं. बाळंतपणात बाईच्या सोबत राहायचं. पाठ चोळायची, हात धरायचा, धीर द्यायचा. तपासायचं नाही, औषध द्यायचं नाही, ते डॉक्टरचं काम. तो म्हणाला, म्हणजे दवाखान्यातली मावशी.

त्याचा कप उचलून नेला. पण हा मावशी प्रॉब्लेम मुळातूनच सोडवायला हवा. लोक आधी कपडे बघतात. संकल्प: आधी वॉर्डरोब, मग बाकीचं.

८ ऑक्टोबर, बुधवार
कोर्सच्या मॅडमना फोन केला. डूलाने काय घालावं? म्हणाल्या, सैल, मऊ, गडद रंगाचं, धुता येईल असं. उकिडवं बसता आलं पाहिजे. बूट न घसरणारे. बांगड्या नकोत, सेंट नको. पिशवीत एक जादा जोड ठेवा, कारण अंगावर काहीही उडतं. आणि हॉस्पिटलच्या स्टाफसारखं अजिबात दिसू नका, लोकांचा गोंधळ होतो.

मॅडम अनुभवी आहेत, प्रश्नच नाही. पण त्यांनी जे वर्णन केलं तो माझा घरातला जुना पंजाबी ड्रेस आहे. त्यावर भांडी घासते मी. पांढरी लिनन पँट ऑर्डर केली.

१२ ऑक्टोबर, रविवार
पहिली क्लायंट! गव्हाणची भाविका. पहिलटकरीण. नवरा हरेश, त्याचं उलव्याला बिल्डिंग मटेरियलचं दुकान. सासू गुणाबाई.

लिनन पँट, आकाशी शर्ट, गळ्यात आयकार्ड (घरीच लॅमिनेट केलेलं). गुणाबाईंनी दारातच अडवलं. म्हणाल्या, आमी पॉलिसी काढलीय, आता नको. हरेशने समजावल्यावर आत घेतलं.

श्वासाचे व्यायाम दाखवायला खाली बसले आणि पँटची शिवण गेली. मागची. आवाज आला, पण पंखा जोरात होता. उरलेला सगळा वेळ भिंतीला पाठ लावून उभ्यानेच शिकवलं. चांगले शिक्षक उभ्यानेच शिकवतात. निघताना पाठ न फिरवता उलट्या पावलांनी निघाले. गुणाबाईंना वाटलं ही आमच्यातली मान द्यायची पद्धत. त्याही हात जोडून उभ्या राहिल्या.

एकूण छाप चांगली पडली.

२६ ऑक्टोबर, रविवार
भाविकाकडे दुसऱ्यांदा. पलाझो, चंदेरी कुर्ता. सेंट अगदी मानेला टेकवण्यापुरतं. ती जवळ येऊन बसली, उठली, मोरीत जाऊन उलटी केली. नवव्या महिन्यातही काहींना होतं.

परत आल्यावर भाविका म्हणाली, ताई, एक सांगू, रागावू नका. तुमी कायतरी जुनंच घालून या ना. तुमाला हात लावायचा म्हनजे मला भीती वाटते, कपडे खराब होतील. दुखायला लागल्यावर मी कोनाला धरू?

गोड मुलगी आहे. पण तिला ब्रँडिंग कळत नाही. मात्र मुद्दा घेतला: खराब झाले तरी चालतील असे कपडे हवेत. म्हणजेच स्क्रब्ज. ऑपरेशन थिएटरमध्ये डॉक्टर घालतात ते.

मॅडम नको म्हणाल्या होत्या. पण त्या नाशिकच्या. तिथलं वेगळं असेल.

२९ ऑक्टोबर, बुधवार
उरण नाक्याजवळच्या युनिफॉर्मच्या दुकानात गेले. बाटलीसारखा गडद हिरवा रंग. सैल, मऊ, धुता येतो, उकिडवं बसता येतं (ट्रायल रूममध्ये पुन्हा पुन्हा बसून बघितलं, बाहेरून दार ठोठावलं गेलं). म्हणजे मॅडमच्या सगळ्या अटी पूर्ण. एक सोडून.

तीही पूर्ण होईल, कारण खिशावर नाव भरून घेणार आहे. 'किशोरी, बर्थ डूला'. मग कसला गोंधळ?

आरशात बघितलं. मावशी कुठेच दिसली नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार
ड्रेस आला. खिशावर सोनेरी दोऱ्याने 'किशोरी, बर्थडे डूला'. दुकानदार म्हणाला, मॅडम, नुसतं बर्थ कोण लिहितं, मी चूक सुधारली. दोरा उसवला तर कापड फाटेल म्हणे. शेवटी खिसाच काढून टाकला.

आता नाव नाही. हरकत नाही, लोक विचारतील, मी सांगेन. त्यातून संवाद वाढतो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार, दुपार
हॉस्पिटलमधून लिहितेय. भाविकाला सकाळपासून कळा सुरू आहेत. डॉक्टर म्हणाल्या, वेळ आहे अजून. ती डुलकी घेतेय, म्हणून कॉरिडॉरमध्ये आले.

ड्रेस सुपरहिट. गेटवर वॉचमनने सलाम ठोकला. लिफ्टमध्ये लोकांनी आधी मला आत जाऊ दिलं. एका आजींनी औषधाची चिठ्ठी दाखवली, मी मान हलवली. नुसतीच मान.

शेजारच्या खोलीतल्या बाईचा नवरा कालपासून बाकावर बसून आहे. प्रितम, करंजा गावचा, मासेमारीच्या बोटीवर जातो. बायको मनस्वी आत. मला बघून ताडकन उठला. म्हणाला, डाक्टर, मी घरी जाऊन आईला घेऊन येऊ का? तवर काय होनार नाय ना?

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, सगळं नॉर्मल आहे, निर्धास्त जा.

त्याने हात जोडले. कालपासून पहिल्यांदा हसला असेल बिचारा. धीर देणं हेच तर डूलाचं काम. भाविका हाक मारतेय.

१३ नोव्हेंबर, संध्याकाळ
घरी आले. भाविकाला मुलगी झाली. दोघी ठीक.

मी तिथे नव्हते. म्हणजे हॉस्पिटलमध्ये होते.

क्रमाने लिहिते. प्रितम गेल्यावर थोड्याच वेळात शेजारच्या खोलीत धावपळ सुरू झाली. बाळाचे ठोके कमी झाले होते. मनस्वीला ऑपरेशनला न्यायचं ठरलं. सिस्टर त्याच्या नावाने हाका मारत जिन्यापर्यंत जाऊन आल्या. फोन लागत नव्हता. मी भाविकाची पाठ चोळत होते, सगळं ऐकू येत होतं. त्याला मीच पाठवलंय, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण मग बाकीचंही सांगावं लागलं असतं. मनस्वीला नेलं. स्ट्रेचरवरून ती विचारत होती, ते कुटं हायेत, ते कुटं हायेत.

तो आला तेव्हा ती आत होती. मग त्याचा आवाज. मला बोलली सगला नॉर्मल हाय! ती हिरव्या कपड्यातली डाक्टरीन कुटं हाय?

भाविकाची कळ नुकतीच ओसरली होती. तिने माझी बाही मुठीत धरली होती. मी तिची बोटं सोडवली. म्हटलं, आलेच दोन मिनिटांत.

टॉयलेटमध्ये जाऊन कडी लावली. कपडे बदलायचे आणि बाहेर यायचं, एवढाच प्लॅन. मॅडमनी सांगितलेला जादा जोड पिशवीत होताच. उघडला. हिरवा. दुकानात दोन घेतले की एकावर सूट होती.

कमोडचं झाकण लावून त्यावर बसले. बाहेरचा आवाज थांबेल मग जाऊ. थांबला, तरी बसले. मग भिंतीपलीकडून भाविकाचं ओरडणं, आणि नंतर बाळाचं रडणं.

सिस्टर म्हणाल्या, कुठे होतात, ती सारखी ताई ताई करत होती. मी म्हटलं, पोट बिघडलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
संकल्प: भाविकाला भेटून खरं सांगणे.

घरातला जुना ड्रेस घालून गेले. भाविकाने मुलगी माझ्या हातात दिली आणि विचारलं, ताई, तुमचं पोट कसं हाय आता? गुणाबाईंनी माझ्यासाठी घरून ओव्याचं पाणी करून आणलं होतं. थर्मासमधून. मी सगळं प्यायले. गरम होतं. त्या पाठीवरून हात फिरवत होत्या माझ्या. म्हणाल्या, लोकांच्या दुखन्यात धावते नि सोताकडं बघत नाय.

खरं सांगणं राहिलं. सगळे दुपट्यातल्या बाळाकडे बघत असताना काय सांगणार?

मग गुणाबाईंनीच शेजारच्या खोलीची बातमी दिली. मनस्वीचा मुलगा आज सकाळी काचेच्या पेटीतून बाहेर आला, आईजवळ दिलाय. पण नवऱ्याने तक्रार केलीय. इथल्या एका नव्या, शिकाऊ डॉक्टरीणबाईंना मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर झापलं. ती रडत सांगत होती म्हणे, मी त्याच्याशी बोललेच नाही. पन हिरवे कपडे तिचेच व्हते ना, गुणाबाई म्हणाल्या.

ओव्याचं पाणी वर आलं. या वेळी पोट खरंच बिघडलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार
नाही गेले. उद्या.

१६ नोव्हेंबर, रविवार
गेले.

आधी मोठ्या डॉक्टर. बाईच आहेत. सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. विचारलं, तुम्ही त्या पेशंटला पाहिलं तरी होतं का? नाही म्हटलं. त्यांनी त्या शिकाऊ मुलीला बोलावून घेतलं आणि मला पुन्हा बोलायला लावलं. ती माझ्या भाचीएवढी असेल. नुसता चष्मा पुसत राहिली. डॉक्टर म्हणाल्या, पुन्हा या हॉस्पिटलमध्ये येऊ नका. कुठल्याच कपड्यात.

भाविकालाही सांगितलं. ती बाळाकडे बघत म्हणाली, मला वाटलंच होतं ताई, पोट दुखनारं मानूस तसं पळत नाय. गुणाबाईंनी थर्मास उचलून पिशवीत ठेवला.

मग शेजारची खोली. मनस्वी झोपली होती, कुशीत बाळ. प्रितम खुर्चीत. त्याने मला ओळखलं नाही. विचारलं, ताई, कोन पायजे?

रिक्षात पाठ केलेलं सगळं विसरले. म्हटलं, गुरुवारी हिरव्या कपड्यात होते ती मी. मी डॉक्टर नाही.

त्याने माझा ड्रेस वरपासून खालपर्यंत बघितला. मग अगदी हळू विचारलं, मंग तसा कनाला बोललाव?

म्हटलं, तुम्ही मला डॉक्टर म्हणालात. मला बरं वाटलं.

खरं तेवढंच होतं. वाटलं, ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने बायकोकडे बघितलं. म्हणाला, आत नेताना ती माझा नाव घेत व्हती, असा सिस्टर बोलली. मग हाताने दाराकडे खूण केली. जाताना दार हलू लावा, म्हणाला. आताच निजलीय.

दार हळूच लावलं. तरी वाजलं. आत बाळ उठलं.