उजवा डावा उजवा उजवा

८ जुलै, रविवार

या आठवड्यातही शि. सकाळी खाली उतरला नाही. दूध नी.नेच आणलं.

शि. म्हणजे माझा मुलगा शिरीष, नी. म्हणजे सून नीला. मी बोलते, लिहिते नात, केतकी. तिला अख्खी नावं लिहायचा कंटाळा. डायरी तिच्या ऑफिसातून मिळालेली, नुसती पडून होती. तिला वेळ नाही, मला अक्षर येत नाही, म्हटलं दोघींची मिळून एक बाई होईल. रविवार दुपार ठरली.

शि. व्हीआरएस घेऊन घरी बसला तो संक्रांतीच्या आसपास. टूलरूममध्ये होता, कारखान्यात, साचे आणि हत्यारं घडवायला. जन्म तिथे गेला. सकाळी कोपऱ्यावर दूध केंद्रापाशी केतकीची बस येते, तिच्या पाठोपाठ शि.च्या कारखान्याची. तिच्यात त्याचे दोस्त, अजून नोकरीवर असलेले. हात करतात. तेवढं चुकवायला हा गॅलरीतसुद्धा येत नाही. दोन्ही बस गेल्या की मग पेपर उघडतो.

त्याच्या हातचं काम आता मशीन करतं. त्या मशीनला काय करायचं ते केतकीसारखीच कोणी पोरं खुर्चीत बसून कॉम्प्युटरवर लिहून देतात. केतकी म्हणाली हे नको लिहूया. म्हटलं, लिही.

बाप-लेक जेवायला समोरासमोर बसतात. मीठ पुढे कर, एवढंच बोलणं.

१५ जुलै, रविवार

सोसायटीच्या गणपतीची मीटिंग आमच्या हॉलमध्ये. चहा आमचा, वाद त्यांचा.

तिसऱ्या मजल्यावरचा निखिल अमेरिकेला गेला. गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात ड्रम तो वाजवायचा. आता पोरगा तिकडे, ड्रम इकडे, आणि त्याच्या आईला हॉल मोकळा हवाय. सेक्रेटरी जोगळेकर म्हणाले, "वाद्य आहे, वादक नाही. कोण बसतंय?" सगळे पंख्याकडे बघायला लागले.

शि.ची ड्रमशी ओळख एवढीच की मागच्या वर्षी पायाने मारायच्या ढोलाची स्प्रिंग त्याने बसवून दिली होती. जोगळेकरांना ते आठवलं. "शिरीषराव, तुम्ही बघा की. तुम्ही काय, मोकळेच आहात."

हा शब्द. मला वाटलं आता उठून आत जाणार. नी.च्या हातातला ट्रे तसाच थांबला.

शि. म्हणाला, "बघतो."

चारचौघांत इतकं बोलला. जोगळेकरांचं भलं होवो, चहात साखर कमी म्हणाले तरी.

२२ जुलै, रविवार

शि. क्लासला जातो. सदाशिव पेठेत, दातांच्या दवाखान्याच्या वर. शिकवणारा अमेय, कॉलेजात आहे, केतकीपेक्षा लहान, केस नी.पेक्षा लांब. शि. त्याला "अहो सर" म्हणतो, तो याला "काका". कोणी कोणाला शिकवायचं ते त्यांचं त्यांना ठाऊक.

मला वाटलं ड्रम वाजवत येईल. घेऊन आला काय, तर रबराची चकती आणि दोन काठ्या. पाटावर चकती ठेवायची आणि उजवा डावा उजवा डावा. मग उजवा उजवा डावा डावा. झालं. मी म्हटलं, "एवढ्यासाठी स्कूटर काढतोस?"

म्हणाला, "तिसरा धडा पण आहे." उजवा डावा उजवा उजवा, मग तेच उलटं, डावा उजवा डावा डावा. त्याला पॅराडिडल म्हणतात. विचारलं, खायचं का लावायचं.

त्याचं लक्ष भलतीकडेच. ऑर्केस्ट्राचं शेवटचं गाणं आहे ना, त्यात गाणारा थांबतो आणि ड्रमवाला एकटाच इकडून तिकडे गडगडाट करून जातो. निखिल वाजवायचा तेव्हा लोक शिट्ट्या मारायचे. अमेय त्याला "फिल" म्हणतो, मी गडगडाट म्हणते. शि.ने कॅसेट नेली क्लासला. "सर, हे शिकवा." अमेय म्हणाला, "काका, ते यातूनच येतं. आधी हे." शि.ला वाटतंय पोरगा टाळतोय.

२९ जुलै, रविवार

टूलरूमचा माणूस. याने गडगडाटाचा नकाशा काढला.

कॅसेट मागे, पुढे, मागे, पुढे. आलेखाचा कागद, पट्टी, टोक केलेली पेन्सिल. कुठला ठोका कुठे पडतो, कुठल्या ढोलावर, किती जोरात, सगळं बारीक रेघांत. केतकी म्हणते सुंदर दिसतं, फ्रेम करावं. मग कागद भिंतीला लावला, पाटाभोवती उशा मांडल्या, एकेक उशी एकेक ढोल, आणि बसला वाजवायला. डोळे कागदावर, हात वाट चुकलेले. भांड्यांचं कपाट जिन्यावरून जावं तसं.

खालच्या मजल्यावरच्या जोगळेकरवहिनी जिन्यात भेटल्या. "काय हो आजी, नवीन खलबत्ता घेतलात वाटतं?" शि. मागेच होता. ऐकलं.

वर आला, काठ्या कपाटावर ठेवल्या. बुधवारी. तेव्हापासून क्लास नाही, पाट नाही. उशा नी.ने उचलल्या.

इतके दिवस त्या खटखटीने माझी दुपारची झोप गेली होती. आता खटखट नाही तरी झोप नाही. जानेवारीतलं घर परत आलंय. असंच राहिलं तर

(आजी चहा टाकायला उठली. के.)

५ ऑगस्ट, रविवार

काल अमेय घरी आला. काका आले नाहीत म्हणून. पत्ता विचारत, तीन जिने चढून. शि. पेपरामागे गेला. पोरगं भिंतीवरच्या कागदासमोर उभं राहिलं. बराच वेळ.

"काका, हे तुम्ही काढलंत?"

"हं."

"भारी आहे. पण हे बघून मलाही वाजवता येणार नाही."

मग स्वयंपाकघरात गेला आणि नी.ला म्हणाला, "काकू, डबे मिळतील?" तांदळाचा, रव्याचा, पोह्यांचा, आणि एक ताट. पालथे मांडले गोल. शि.ला काठ्या दिल्या. "तुमचा तिसरा धडा वाजवा. रव्याच्या डब्यावर. डोळे मिटून."

उजवा डावा उजवा उजवा. डावा उजवा डावा डावा. ते मात्र त्याला येतं, आठवडाभर माझं डोकं उठवलं होतं.

"थांबू नका. आता डावा हात तिथेच ठेवा. उजवा नुसता तांदळावर न्या."

आणि आमच्या स्वयंपाकघरात गडगडाट झाला. अगदी कॅसेटमधला नाही, पण जवळचा चुलतभाऊ. तेच ते, उजवा डावा उजवा उजवा, फक्त अर्धे ठोके शेजारच्या घरी गेलेले. शि.ने हात थांबवून मागे वळून बघितलं, दुसरं कोणी वाजवतंय की काय.

"एवढंच?"

"एवढंच, काका. ऐकणाऱ्यांना सांगायचं नसतं."

मग पोह्यांच्या डब्यावर, मग परत. हात तेच, डबे बदलतात. जाताना अमेयने आणखी एक सांगितलं. मध्ये चुकलं तर थांबायचं नाही, मान हलवायची नाही, तोंड वाकडं करायचं नाही. मधलं कोणी लक्षात ठेवत नाही. 'एक' आला की त्या एकावर ड्रमची थाळी वाजली पाहिजे. लोकांना तेवढंच ऐकू येतं.

म्हणजे सम. आमच्या भजनी मंडळात निम्म्या बायका एकमेकींना समेवरच भेटतात, तरी आम्हाला बक्षीस मिळालंय.

रव्याच्या डब्याला पोचा. नी. म्हणाली राहू दे. एरवी चमचा हरवला तर घर डोक्यावर घेते.

१२ ऑगस्ट, रविवार

क्लास चालू. पार्किंगमध्ये तालीम चालू. शि. जेवताना, दाढी करताना, फोन वाजत असताना, मांडीवर बोटं चालूच. नी. म्हणाली, "अहो, पोळी तरी उजव्याने खा, डावा उजवा करू नका." यावर तो हसला नाही, पण "बरं" म्हणाला.

नकाशा त्याने स्वतःच भिंतीवरून काढून घडी केला.

मंगळवारी जेवताना आपणहून केतकीला विचारलं, "तुमच्याकडे पण असंच असतं का गं? बारीकसारीक चार गोष्टी, त्याच फिरवून फिरवून मोठं काहीतरी?"

केतकी म्हणाली, "बाबा, दिवसभर तेच तर करते."

मग तिने ताटाबाहेर पाण्याने रेघा मारून दाखवलं. त्याने आणखी विचारलं. मग त्याने स्वतःच्या कामातलं सांगितलं, कुठल्याशा साच्याचं, तेही हत्याराच्या चार धारांतूनच कसं निघायचं ते. मला त्यातलं काही कळलं नाही. आमटी गार झाली, मी गरम करायला सांगितली नाही.

आता ही लिहिणारी थांबून नाक पुसते आहे. सर्दी म्हणे.

१९ ऑगस्ट, रविवार

परवा सावंतचा फोन. शि.चा कारखान्यातला दोस्त, आवाज एवढा की फोन नसता तरी ऐकू आला असता. "शिऱ्या, तू ड्रम वाजवतोस? आम्ही सगळे येतोय." कोणी सांगितलं? नी. एकदम डबे पुसायला लागली. म्हणजे नी.नेच.

शि.ने फोन ठेवला. "मी नाही वाजवणार. जोगळेकरांना सांगून टाका."

सोसायटीसमोर चालेल, परक्यांसमोर चालेल, पण त्या बसमधल्यांसमोर नाही. त्यांच्यासमोर तो टूलरूममधला शिऱ्या. त्यांनी बघावं आणि म्हणावं, बिचारा, घरी बसून असलं काहीतरी करतो. हे तो बोलला नाही. बोलायची गरज काय, मी त्याला जन्म दिलाय.

नी. रडवेली. मी म्हटलं, "नको वाजवू. जोगळेकर म्हणत होते, अडलंच तर ते तोंडाने वाजवतील."

शि. माझ्याकडे बघत राहिला. जोगळेकर तोंडाने गडगडाट करताहेत, हे त्याच्या डोळ्यासमोर आलं असावं. माझ्या तर आलंच होतं.

संध्याकाळी आतून खटखट. उजवा डावा उजवा उजवा. देवाला नमस्कार केला, पण घाईने, ऐकायचं होतं.

२६ ऑगस्ट, रविवार

शुक्रवारी झाला कार्यक्रम. सांगते नीट.

पार्किंगमध्ये मांडव. मी पुढे, प्लास्टिकच्या खुर्चीत. शि. पांढरा शर्ट, ड्रमच्या मागे अर्धा लपलेला. सावंत आणि मंडळी अगदी मागे, बसमधून थेट उतरून आलेली, डब्याच्या पिशव्या मांडीवर. शि.ने एकदा तिकडे पाहिलं आणि मग नाही.

पहिली गाणी बरी झाली. जोगळेकर निवेदन करतात, म्हणजे गाण्यापेक्षा जास्त वेळ तेच बोलतात. मग शेवटचं गाणं. गाणारा थांबला. नी.ने माझा हात धरला, बांगडी रुतली.

उजवा डावा उजवा उजवा, डावा उजवा डावा डावा. छान. तांदूळ, रवा, पोहे. छान. दुसऱ्या फेरीत डावा गेला. माझ्या कानाला कळलं. काठी सुटून पेटीवाल्याच्या स्टुलाखाली. आता थांबतो, मला वाटलं. आता उठतो आणि वर जातो आणि परत कधीच

थांबला नाही. नुसता उजवा. उजवा उजवा उजवा उजवा, जमेल त्या ढोलावर, मान ताठ, चेहरा बँकेत रांगेला उभा असल्यासारखा. आणि एक आला. बरोब्बर एकावर थाळी. अख्खं पार्किंग दणाणलं.

टाळ्या. सावंतने शिट्टी मारली. जोगळेकर माइकवर म्हणाले, "आणि शेवटी ती एका हाताची करामत, ती विशेष." अमेय खांबाला टेकून तोंड दाबून हसत होता.

वर आलो. शि. सोफ्यावर बसला, म्हणाला, "आई, काठी पडली होती."

"ठाऊक आहे. डावा कुठे गेला ते मी शोधत होते."

"जोगळेकर म्हणाले करामत."

आणि हसायला लागला. डोळ्यात पाणी येईपर्यंत. नी. हसली, केतकी हसली. "करामत" म्हणायचा आणि परत. माझा हा मुलगा लहानपणी असाच हसायचा, पोट धरून, आवाज न करता. मला वाटलं होतं ते हसू कारखान्यातच जमा करून आला.

सावंत खाली त्याला काय म्हणाला तेही सांगितलं. ड्रमबद्दल एक शब्द नाही. "शिऱ्या, सकाळी कोपऱ्यावर येत जा की. बस दोन मिनिटं थांबवतो. ड्रायव्हर आपलाच."

"मग?" मी विचारलं.

"बघतो म्हटलं."

२८ ऑगस्ट, मंगळवार, सकाळ

रविवार नाही तरी लिहायचं. केतकी ऑफिसला गेली, म्हणून आज नी. लिहिते आहे. हिचं अक्षर शाळेतल्या बाईंचं आहे, कारण ती शाळेतली बाईच आहे. शाळा दुपारची.

शि. आज पायजम्यावर नव्हता. पँट, शर्ट इस्त्रीचा. केतकीची बॅग उचलली, "मी येतो कोपऱ्यापर्यंत, दूधही आणतो" म्हणाला आणि तिच्याबरोबर उतरला. नी. आणि मी एकमेकींकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर काहीतरी बोलून बसलो असतो.

गॅलरीतून कोपरा दिसत नाही, नवीन बिल्डिंग आडवी येते. ऐकू येतं. केतकीची बस आली, गेली. मग दुसरी आली. तिचा ब्रेक ओरडतो, मला इतक्या वर्षांचा पाठ आहे. रोज आली की गेली. आज इंजिन चालूच. नी. म्हणाली, "आई, आत या, गार वारा आहे." म्हटलं, थांब. बरंच थांबली बस. मग गेली.

शि. अजून आलेला नाही. बसूनच गेला की काय, म्हटलं, तर नी. म्हणते, "काहीतरीच काय, आई." पण दारापर्यंत दोनदा जाऊन आली.

दूध आणायची कापडी पिशवी इथेच, दाराच्या कडीला. आणायला गेला आणि विसरून गेला.

दोघींनी कोरा चहा केला आहे. वाईट लागत नाही.