पोखर्णीच्या पटात पवळ्या

परभणी जेल

चि. आसारामास थोरल्या भावाचा आशीर्वाद. मी खुशाल हाय, पोटभर भाकर मिळती, असं आईला सांग. तिचा गुडघा कसा हाय?

नेक चालीच्या कैद्यांना जेलरसाहेबानं परवा पोखर्णीच्या जत्रेत शंकरपट बघायला नेलं. भोवती शिपाई. तोंड उघडलं तर पुढची सैर बंद, असा हुकूम.

आन तू आपल्या पवळ्याला डाव्या अंगाला जुपलास. आरं, जोखडाखाली आला तवापासून त्यो बैल उजव्या अंगाला चालतो, हे तुला मी सांगावं? तू कासऱ्याला हिसके द्यायलतास आन मी दात-ओठ खायलतो. शेवटी राहवलं न्हाई. पवळ्या म्हणून हाक मारली.

त्यो भर धावंत वळला. छकडं वढत माझ्याकडं आला आन पायातल्या बेडीवर नाक घासत उभा राहिला. लोक हसायलते. तू मातर मान खाली घालून त्याला मागं वढायलतास, जणू मी कुणी परकाच.

माझी सैर बंद झाली, होऊ दे. पण पट हरला म्हणून त्याला मारू नको. भरल्या जत्रेत मला वळखायची त्याला शरम वाटली न्हाई.

तुझा दादा,
वैजीनाथ