पोआसाच्या अर्ध्या घराबद्दल

मी, एलिसाया सेमू, वय सेहेचाळीस, राहणार फालेउता, सावाइई बेट, सामोआ, धंदा घरबांधणी, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप ठिकाणावर नाही, आणि तिच्या शस्त्रक्रियेसाठी येत्या आठवड्यात मला ऑकलंडला नेणार आहेत. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. माझी बायको मोएलागी "लिहून टाका एकदाचं" म्हणाली, तो दबाव धरावा का याचा मी विचार केला. धरत नाही.

१. ऑकलंडला नोकरीत असताना एका छापील कागदावर मी मृत्युपत्र केले होते. ते रद्द समजावे. त्यात माझा व्यवसाय स्थापत्य अभियंता असा लिहिला आहे. तेव्हा ते खरे होते.

२. जमीन माझी नाही, घराण्याची आहे. घराण्याचा प्रमुख माझा थोरला भाऊ पोआसा. तिच्यावर शब्द त्याचा चालतो. जे आपले नाही ते वाटून टाकण्याची हौस माणसाला असते. ती मी आवरतो. मेल्यावर मला आमच्या रीतीप्रमाणे घरापुढे पुरावे. वर सिमेंटचा चौथरा नको, पण मोएलागीला हवा असेल तर बांधावा. रोज बघायचा तिलाच आहे.

३. बँकेत जे असेल ते, गाडी, डुकरे आणि घरातले सामान मोएलागीचे. आम्हाला मूल नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तीच करील.

४. माझी पदवी आईने काचेत बसवून बाहेरच्या खोलीत लावली होती. ती तिथेच राहावी. वडील शाळेचे मुख्याध्यापक होते, आणि ही पदवी माझ्याइतकीच त्यांचीही होती. मी आत्याच्या अंत्यविधीला म्हणून आलो आणि परत गेलो नाही, तेव्हा रविवारच्या जेवणात सगळ्यांसमोर ते म्हणाले, "आम्ही याला पूल बांधायला पाठवलं होतं. हा दोऱ्या वळायला बसला." शेवटपर्यंत त्यांनी यातला शब्द मागे घेतला नाही. त्यांना तसे का वाटले, हे मला कळते.

आत्याचा देह गावच्या जुन्या पाहुणेघरात ठेवला होता. तिच्याजवळ चटईवर पडून मी वर पाहिले. एवढे मोठे छप्पर, इतके सांधे, आणि एकही खिळा नाही. सारे काथ्याच्या सुंभाने बांधलेले. ऑकलंडला मी बोल्टांचे हिशेब करत होतो आणि ते बोल्ट कुठे बसतात हे कधी पाहायला गेलो नव्हतो. उस्ताद तोआफा तेव्हा हयात होते. मी त्यांच्याकडे गेलो, तर म्हणाले, "शिकलेला आहेस ना? मग एवढा उशीर का केलास?" आणि काथ्या पुढे टाकला. पहिले वर्षभर मी मांडीवर सुंभच वळत होतो. मोएलागी अजून पाहुण्यांना सांगते की इंजिनिअरच्या मांडीला टक्कल पडलेय, हात लावून बघा.

मी हे काम निवडले, की ऑफिसातून पळालो, हा प्रश्न माझ्या रोजनिशीत दरवर्षी येतो. दोन्ही खरे असेल. पण पळून आलेला माणूस इतकी वर्षे सकाळी उठून खुशीने कामावर जातो का, असे मी उलट विचारतो, आणि तिथे पान संपते.

५. तोआफांनी दिलेला लाकूड तासायचा वाकस आणि माझी इतर हत्यारे लाफाईला द्यावीत. तो पहिल्यापासून माझ्याबरोबर काम करतो. किनाऱ्यावरच्या हॉटेलच्या मालकाला, मागितले तरी, सुताचा तोडाही देऊ नये. त्याला बोल्टांवरून नुसती शोभेची दोरी गुंडाळून हवी होती, आणि "गिऱ्हाइकाला काय कळतंय" असे तो मला म्हणाला होता.

६. आता पोआसाचे घर.

आमच्याकडे घर बांधून घेणारा कारागिरांना आपल्यापेक्षा चांगले जेवू घालतो. कारागिराचा अपमान झाला तर तो वाकस उचलून निघून जातो, आणि त्याने परवानगी दिल्याशिवाय दुसरा कोणी त्या घराला हात लावत नाही. मी पोआसाचे पाहुणेघर बांधायला घेतले होते. खांब उभे राहिले, निम्मे वासे बांधून झाले. मी दोन दिवस दुसऱ्या बेटावर लाकूड बघायला गेलो. परत आलो तर माझ्या प्रत्येक सांध्यात खिळा ठोकलेला होता. पोआसाने ठोकून घेतला होता.

लहानपणी वादळात आमच्या घराचे पत्रे उडाले, तेव्हा पोआसा मला पोटाशी धरून टेबलाखाली बसला होता. खिळे पाहिल्यावर मी त्याला आकृत्या काढून समजावले की वाऱ्यात खिळा उपटून येतो, सुंभ थोडा हलतो आणि धरून ठेवतो. तो म्हणाला, "तुझ्या दोरीखाली माझी पोरं झोपणार आहेत, एलिसाया." जेवण वाढलेले होते. मी वाकस उचलला.

नऊ वर्षे ते घर तसेच उभे आहे, छपराविना. मी परत आलो नाही तर ते तसेच कुजेल. म्हणून या कलमात मी लिहिले होते, की माझ्या मागे लाफाईने ते पुरे करावे, माझी परवानगी आहे.

हे मी लाफाईला वाचून दाखवले. तो म्हणाला, "कागद दाखवून मी वर चढणार नाही. तिथं जा, त्याच्या हातचं जेव, आणि तोंडानं सांग."

मी म्हणालो, मेल्यावर लागू होणारी परवानगी मला पुरे आहे. त्यावर मोएलागी आतून म्हणाली, "सुंभ जळेल, पीळ नाही जळायचा. दोघांचाही." मग मी विचार केला की मेल्यावर उदार होण्यात मला काय पडते. काही नाही. म्हणूनच ते मला सोपे वाटत होते.

काल गुरुवारी मी आणि लाफाई गेलो. पोआसा खांबाशी बसला होता. आम्हाला पाहून त्याने चटई पुढे सरकवली. आत बघून जेवण आणायला सांगितले. भाजलेले डुक्कर, अळकुड्या, नारळाच्या दुधातली अळवाची पाने. कारागिराचा वाटा माझ्यापुढे ठेवला.

"खिळे काढून टाकू?" तो म्हणाला.

"राहू देत. गंजलेत. गळतील आपोआप, सुंभ राहील."

"म्हणजे अजून तुझंच खरं."

"हो."

"बरं. जेव."

मी जेवलो. थोड्या वेळाने तो म्हणाला, पोरे सिडनीला गेली, आता खाली तो एकटाच झोपणार आहे, तर दोरी चालेल. मी लाफाईकडे वळून दोघांना ऐकू जाईल असे म्हणालो, "हे घर तू पुरं कर." लाफाई उठला आणि खांब हलवून बघू लागला.

७. त्यामुळे कलम सहामधली परवानगी रद्द करतो. ती देऊन झाली आहे, आणि दिलेली वस्तू पुन्हा मृत्युपत्राने देता येत नाही.

८. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असा कायदा आहे. मोएलागी आणि लाफाई त्यामुळे बाद होतात. हा कागद मी आज सकाळी पोआसाला सगळा वाचून दाखवला. कलम सात झाल्यावर त्याने कागद उलटून मागची बाजू पाहिली.

"म्हणजे मला काहीच नाही?"

"काहीच नाही."

"मग आण पेन इकडे."

ठिकाण: फालेउता
शुक्रवार, ९ ऑगस्ट २०१९

(सही) एलिसाया सेमू

आम्हा दोघांच्या देखत एलिसाया याने शुद्धीत सही केली, आणि मग आम्ही त्याच्या देखत केली.

साक्षीदार:
१. सिनिरा लेओता, परिचारिका, गावचा दवाखाना (सही)
२. पोआसा सेमू, भाऊ (सही)