रिकाम्या जागा भरा

सोमवार, २ तारीख

आलो एकदाचा. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट आहे, पण ती मर्जीत असेल तेव्हाच वर येते. पलंग करकरतो, खिडकी मोठी आहे, आणि घरमालकाने विचारायच्या आत सांगून टाकलं की शेजारीपाजारी कुणी गाणं शिकत नाही. कानांवर पोट भरणाऱ्या माणसाला आणखी काय हवं?

ही वही बायकोने बॅगेत टाकली. तिचं म्हणणं, तू बोलत तर नाहीसच, निदान लिहीत जा. ती आणि आमची लेक चिमणी शाळेचं वर्ष संपलं की इकडे येतील. तोवर रोज संध्याकाळी फोन. तोही नुसता आवाजाचा, कारण माझा चेहरा दिसला की चिमणी भोकाड पसरते. निघताना तिला मी पुन्हा पुन्हा बजावलं, की दार वाजलं तर आधी 'कोण' विचारायचं आणि आवाज ओळखीचा असेल तरच आईला उघडायला सांगायचं. तिने मान डोलावली आणि विचारलं, ओळखीचा आवाज म्हणजे तुझा ना? मग मला दोन मिनिटं चपलाच सापडेनात.

ऑफिस छान आहे. कंपनी फोनची ऑपरेटिंग सिस्टिम बनवते, आमच्या टीमकडे त्यातला फक्त आवाज. साहेब म्हणजे एक बाई, आणि त्यांना सगळे 'बाई'च म्हणतात. तपासनीस आहे त्याला 'कानसेन' म्हणतात, कारण इतरांना ऐकू न येणारी बारीकशी टकटकही त्याला बोचते. आणि 'काका', ज्यांनी यातला बराचसा कोड लिहिलाय. ते घरून काम करतात, मीटिंगमध्ये फक्त त्यांचा आवाज येतो. आज म्हणाले, स्वागत आहे, काही लागलं तर सांग. बरा माणूस वाटला.

इथे दोन रिवाज आहेत. नवा माणूस आला की त्याला गादीच्या भिंतींच्या खोलीत बसवून वाचायला लावतात आणि त्याचा आवाज नमुना म्हणून ऑफिसच्या मशीनवर ठेवतात. आणि आपली अर्धीकच्ची सिस्टिम आपल्याच फोनवर घालून फिरायचं. बाई म्हणाल्या, स्वयंपाक करणाऱ्याने आधी स्वतः चाखावं. मी दोन्ही आनंदाने केलं. मागच्या नोकरीने माझा पार चोथा केला होता, इथे तरी वेळेवर सुटेन.

बुधवार, ४ तारीख

वेळेवर सुटण्याचं राहू दे.

आमचं काम म्हणजे दोन बादल्या. एकीतलं पाणी नळाला जात असतं तोवर दुसरी भरून ठेवायची. फोनमधून आवाज बाहेर पडतो तो असाच, तुकड्या-तुकड्याने. पुढचा तुकडा वेळेत भरला नाही तर क्षणभर काहीच नसतं आणि कानाला 'टक्' ऐकू येतं. डोळा पुष्कळ माफ करतो, कान मात्र नवऱ्याकडच्या मंडळींसारखा चुका मोजत बसतो.

यावर काकांनी पूर्वी एक तोडगा लिहून ठेवलाय, त्याला 'फिलर' म्हणतात. बोलताना मध्येच आवाज तुटला तर आधीच्या बोलण्यावरून आणि त्या माणसाच्या नमुन्यावरून अंदाज बांधून तो मधली जागा भरतो. शाळेत रिकाम्या जागा भरा असायचं ना, तसंच. त्याला एक मर्यादा घातलेली आहे. पापणी लवेल एवढीच जागा भरायची, त्यापुढे गप्प बसायचं. इतकी कमी का, म्हणून मी मीटिंगमध्ये विचारलं. काका म्हणाले, बघतो. आमच्या धंद्यात कामापेक्षा 'बघतो' जास्त चालतं.

घरी फोन केला तेव्हा जीभ उचलत नव्हती. बायको बोलत होती, मी हं हं करत होतो. शेवटी तीही थांबली.

सोमवार, ९ तारीख

लोकांच्या तक्रारी फार आल्यात, बोलताना आवाज तुटतो म्हणून. बाई हात धुऊन मागे लागल्या. मी वैतागून फिलरची मर्यादाच काढून टाकली. म्हटलं, काय होतं ते बघू आणि उद्या परत लावू. कानसेनने हेडफोन लावून सबंध दुपार ऐकलं आणि कबूल केलं की त्याला एकही खोट सापडत नाही. बाई खूश झाल्या. इतक्या, की तेच सगळीकडे पाठवून दिलं. आता परत लावायचं म्हणजे त्यांचं पेढ्यासारखं गोड झालेलं तोंड कडू करायचं. राहू दे काही दिवस. तात्पुरतं म्हणून केलेलं आमच्याकडे माणसापेक्षा जास्त जगतं, हे माहीत असूनही मी असं लिहितोय, एवढा दमलोय.

संध्याकाळी बायको गळक्या नळाचं काहीतरी सांगत होती. फोन कानाला लावूनच मला झोप लागली. शरमेची गोष्ट आहे.

शुक्रवार, १३ तारीख

त्या दिवसापासून बायकोचा नूर पालटलाय. आज दुपारी तिचा मेसेज आला, किती महिन्यांनी मनमोकळं बोलतोस, आणि चिमणीला ती हत्तीची गोष्ट रोज हवी म्हणून हटून बसते.

मला हत्तीची कुठलीच गोष्ट येत नाही.

रोज मी पाचेक मिनिटं हं हं करतो आणि डोळा लागतो. मग बोलतं कोण? बराच वेळ डोकं धरून बसलो तेव्हा उलगडा झाला. मी गप्प बसलो की फिलरला ती आवाजातली फट वाटते. तो ती भरतो. मर्यादा नाही, मग भरतच राहतो.

लगेच फोन करून सांगायला हवं होतं. पण ती इतकी आनंदात होती. खरं सांगायचं तर मलाही सुटल्यासारखं वाटलं. आज फोन लावून टेबलावर ठेवला आणि भांडी घासायला गेलो. एवढं काय बिघडतंय?

बुधवार, १८ तारीख

काल रात्री भांडी ठेवून ऐकत बसलो.

आवाज माझाच. मी दमलेलो नसतो तर जे बोललो असतो ते तो बोलतो. तिची पाठ दुखते हे त्याला ठाऊक होतं. मला नव्हतं. चिमणीचा दात पडला, तर त्याने असं काही सांगितलं की ती खिदळत सुटली. मला हेवा वाटला. स्वतःचाच.

मग मी फोन उचलून म्हणालो की अगं, हा मी नाही. काही फरक पडला नाही. ओरडलो. तेव्हा ती त्याला विचारत होती, खोलीत कुणी आहे का? तो म्हणाला, शेजाऱ्यांचा टीव्ही.

कारणही मलाच ठाऊक. आमच्याच सिस्टिममध्ये गोंगाट गाळायची सोय आहे. जो आवाज सलग चालतो तो मालकाचा, मध्येच उठणारा दुसरा तो गोंगाट. मी आता गोंगाट आहे.

फोन बंद करून टाकला. सकाळी चालू केला, तरी तिचा मेसेज होता, रात्रीच्या गप्पा छान झाल्या. नमुना ऑफिसच्या मशीनवर आहे, माझा फोन लागतोच कशाला?

तिला लिहून कळवलं की बोलतो तो मी नव्हे. तिने हसणारे चेहरे पाठवले.

रविवार, २२ तारीख

काकांच्या घरी गेलो. ज्याने लिहिलं त्यालाच यातलं औषध माहीत असणार.

दार काकूंनी उघडलं. काका खुर्चीत बसले होते, हाडांचा सापळा झालाय. मी नमस्कार केला. त्यांनी तोंड उघडलं, ओठ हलले, पण आवाज नाही. तेवढ्यात आतल्या खोलीतून त्यांचाच आवाज आला, ठणठणीत. परदेशातल्या मुलाशी गप्पा चालल्या होत्या.

काकू हळू आवाजात म्हणाल्या, हे पूर्वी घरी दमून यायचे आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचे. सगळी जन्माची बडबड ऑफिसात. त्यांनी स्वतःच्या फोनवर मर्यादा काढून बघितली आणि मग ती राहूनच गेली. आधी फोनवर आवाज ऐकू जाईना, मग घशातूनच फुटेना. पण तो आतला निदान विचारतो तरी, तू जेवलीस का म्हणून. काकूंनी मला हात जोडून विनवलं की ते बंद करू नका.

काकांनी माझं मनगट धरलं होतं. निघताना सोडेनात. ओठ तेच ते हलत होते. मला वाटतं, ते 'लवकर' म्हणत होते.

बुधवार, २५ तारीख

मीटिंगमध्ये मर्यादा परत लावायचा विषय काढला. घसा बसलेला, जेमतेम बोललो. स्पीकरवरून काका म्हणाले, नको, चाललंय ते उत्तम आहे. मी तोंड उघडणार तेवढ्यात स्पीकरमधून माझा आवाज म्हणाला की मलाही तसंच वाटतं.

मी तिथेच बसलो होतो. बाईंच्या समोर. त्यांनी स्पीकरकडे बघून मान डोलावली.

नाही म्हणायला गेलो. नुसती हवा आली. कानसेनने दचकून वर पाहिलं, टक् ऐकल्यासारखं. मग हेडफोन लावले.

मी रात्री-अपरात्री घाम गाळून मिळवलेला माझा संसार, आणि आयत्या बिळावर नागोबा —

शुक्रवार, २७ तारीख

घशाचा डॉक्टर म्हणतो सगळं ठीक आहे, विश्रांती घ्या. ऑफिसचं दार माझ्या कार्डाने उघडेना. रखवालदाराने फोन लावून विचारलं. बाईंनी कळवलं की मीच कालपासून घरून काम मागून घेतलंय. फार आनंदाने बोलत होतो म्हणे.

बायकोला मेसेज केले. बरेच. उत्तर नाही.

आता तिची एकच ओळ आली, त्यावरून कळलं. तो तिला म्हणालाय की माझा जुना नंबर चोरीला गेला, त्यावरून काही आलं तर लक्ष देऊ नकोस.

शनिवार, २८ तारीख

बसमध्ये. घरी निघालोय. आवाज नसला म्हणून काय, चेहरा आहे. मला बघितलं की चिमणी रडेल. रडू दे. भोकाड पसरू दे. मला तेच हवंय.

शेजारच्या प्रवाशाने कुठे चाललात विचारलं. मी हसलो. तो पुन्हा विचारायच्या फंदात पडला नाही.

रविवार, २९ तारीख

जिन्यात बसून लिहितोय. आमचं दार समोर आहे.

बेल वाजवली. चिमणी आली. आतूनच विचारलं, कोण?

बोलायला गेलो — हवा. फक्त हवा.

पुन्हा कोण, म्हणाली. मी दार ठोकलं. ती घाबरली. माझंच शिकवणं. आवाज ओळखीचा असेल तरच.

मोरीतून पाण्याचा आवाज येतोय. तिची आई अंघोळीला गेलेली दिसते.

वहीचं पान फाडून दाराखालून सारलं. जात नाही. रबराची पट्टी आहे. बाहेरचा आवाज नको म्हणून मीच बसवली होती, सुट्टीच्या दिवशी, गुडघे दुखेपर्यंत —

ठोकतोय. हात सुजला. डाव्या हाताने —

आत कुणीतरी गोष्ट सांगतंय. हत्तीची. चांगली आहे गोष्ट. हत्ती रोज दमून घरी येतो आणि —

थांबली. चिमणी पुन्हा दाराशी आलीय. तिचा श्वास ऐकू येतोय, पलीकडून, इतक्या जवळ. नखाने दार खरवडलं. तीही आतून खरवडते. आमचा खेळ. ओळखलं तिने. ओळखलं —

कडीला हात लागला. नाही, उंच आहे तिला. ती फोनला विचारतेय, बाबा, बाहेर कोण आहे?

आणि माझा आवाज, इतक्या मायेने, की मी कधी एवढ्या मायेने तिच्याशी बोललो नाही, तिला सांगतोय की बाळा, बाहेर कोणी