सासूसमोर विचारलेला प्रश्न

ठाणे, ९ फेब्रुवारी १९५४

ती. सौ. वहिनीस द्वारकेचा नमस्कार.

माझा खोकला गेला. दादांना सांगा, काळजी नको.

आहाराच्या पाहणीत माझ्या हातून अन्याय झाला. ठाकुर्लीत मी ओसरीवर खुर्ची टाकून सुनांना विचारलं, सासू शेजारीच बसलेली. सगळ्या म्हणाल्या, "पोटभर जेवतो." माझी मदतनीस शीला विहिरीवर धुणं धुणाऱ्यांत बसून विचारून आली. तिच्या वहीत निम्म्या सुना अर्धपोटी! मी चारचौघांत म्हटलं, "मुली, संशोधन म्हणजे कादंबरी नव्हे," आणि तिची कायम नेमणूक अडवली.

काल स्वतः विहिरीवर गेले. एक सून हसून म्हणाली, "अहो बाई, सासूसमोर कोण सांगंल? सगळ्यांचं झाल्यावर उरंल ते आपलं."

शीलाची माफी मागितली, शिफारसपत्र आजच धाडलं. अहवालावर तिचं नाव माझ्या आधी येईल. तरी मान वर होत नाही.

कॉलेजात असताना मी दादांबरोबर पहिल्या पंगतीला बसे, तुम्ही मागाहून. पातेल्यात काय उरलंय, हे मी एकदाही वाकून पाहिलं नाही.

वहिनी, तुम्हाला पुरत होतं का? दादांना न दाखवता लिहा.

तुमची,
द्वारका